आज सांग्या कोण?

क्लारा परेरा बाईंची आणि माझी पहिली भेट एका भांडणात झाली. भांडण त्यांचे होते. मी नेमणुकीचा कागद हातात धरून फाटकाशी उभी होते. नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट. लग्नानंतर मी कोल्हापूरकडून तुळिंजला राहायला आले होते आणि वसईतल्या आमच्या मराठी शाळेत प्राथमिक शिक्षिका म्हणून रुजू होण्याचा तो माझा पहिला दिवस होता. फाटकाबाहेर पाचूबंदरच्या काही कोळणी उभ्या होत्या. बाजार आटोपून थेट आलेल्या, मासळीच्या रिकाम्या पाट्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या. आत पहिलीच्या पालकांची सभा सुरू झाली होती, आणि 'वास मारतो, सभा संपल्यावर या' असे सांगून शिपायाने त्यांना बाहेरच थोपवले होते. शिपायाचा त्यात काही दोष नव्हता. त्याला तसे वरून सांगण्यात आले होते.

एवढ्यात ठेंगण्या बांध्याच्या, जाड चष्मा लावलेल्या एक बाई व्हरांड्यातून तरातरा आल्या. त्यांच्यामागे हेडसर. "बाई, इमारतीतल्या पालकांची तक्रार आहे हो," हेडसर हळू आवाजात समजावत होते. बाईंचा आवाज मात्र हळू नव्हता. "सर, या बायका कुणाच्या आया आहेत? माझ्या वर्गातल्या मुलांच्याच ना? मग त्या बाहेर, तर सभाही बाहेर." आणि खरोखरच त्या आत गेल्या, सगळ्या पालकांना उठवून घेऊन आल्या आणि फाटकाजवळच्या बदामाच्या झाडाखाली त्यांनी सभा घेतली. दोघी-तिघींनी नाकाला रुमाल लावले होते. बाईंनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. सभा संपल्यावर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "नव्या आलात का? चला, चहा घेऊ. या शाळेत राग फुकट मिळतो, चहा मात्र आपला आपण करायचा." त्या दिवशी मी त्यांच्या टेबलाला टेबल लावून बसले, ती त्या निवृत्त होईपर्यंत.

हे लिहायला घेण्याआधी गौरव समितीतल्या एका सद्गृहस्थांचा मला फोन आला होता. "कदमबाई, परेरा बाईंच्या साठीनिमित्तचा ग्रंथ आहे, जुनं काही उकरू नका. गोड लिहा." मी त्यांना बरे म्हटले. बाईंविषयी गोड लिहिण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते मी लिहिणारच आहे. पण ज्या मंडळींनी बाईंच्या नोकरीची निम्मी वर्षे कडू करून टाकली, तीच मंडळी आज शाल आणि श्रीफळ घेऊन पुढे सरसावलेली असताना मी नुसते गोड कुठून आणू? सत्काराच्या निमंत्रणपत्रिकेवर बाईंना 'मातृभाषेच्या थोर पुरस्कर्त्या' म्हटले आहे. ते वाचून मी हसावे की डोके आपटून घ्यावे, मला कळेना. माझा स्वभाव तापट आहे हे शाळेत सर्वांना ठाऊक आहे. ज्यांना निव्वळ गोड हवे होते, त्यांनी मला लिहायला सांगायचे नव्हते.

बाई मूळच्या वसईतल्याच गिरीज गावच्या, वाडीवाल्यांच्या घरातल्या. केळी, नारळ, भाजीपाला आणि चर्चमधली रविवारची मिस्सा, हे त्यांचे लहानपण. घरात वाडीतली बोली. त्या स्वतः पहिल्यांदा शाळेत गेल्या तेव्हा मास्तरांची पुस्तकी मराठी त्यांना कळेना आणि त्यांची बोली मास्तरांना चालेना. "वर्षभर मी तोंडच उघडलं नाही," त्या सांगत. "मास्तरांनी आमच्या पप्पांना बोलावून सांगितलं, मुलगी मुकी आहे, घरीच ठेवा. पप्पा म्हणाले, मुकी? ही घरी आली की आम्हाला कुणाला बोलायला मिळत नाही!" हे सांगताना बाई हसत, पण ते वर्ष त्या विसरल्या नाहीत. त्यांच्या वर्गात पुन्हा कुणाला मुके म्हणू द्यायचे नाही, हे त्यांनी बहुधा तेव्हाच ठरवले असावे.

आमच्या शाळेत त्या काळी दोन प्रकारची मुले एका बाकावर येऊ लागली होती. एक पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली आणि आसपासच्या वाड्यांतली, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. दुसरी नव्या इमारतींतली, ज्यांचे आईवडील कोकणातून, देशावरून किंवा मुंबईतून फ्लॅट घेऊन आलेले. शाळा मराठी माध्यमाची, म्हणून सगळ्यांची भाषा एकच, असे कागदावर होते. प्रत्यक्षात बंदरावरच्या मुलीला पुस्तकातली मराठी शेजारच्या गावच्या पाहुणीसारखी वाटे; ओळख होती, पण मोकळेपणा नव्हता. इमारतीतली मुले तरी कुठे पुस्तकातली मराठी बोलत होती? "बाई, तो मला धक्का मारला, मी गिरली," हे त्यांचे बोलणे. तरीही ते शुद्ध आणि कोळ्याच्या पोरीचे 'पानी' मात्र अशुद्ध. का, तर इमारतीतल्या मुलांच्या पायांत पांढरेशुभ्र मोजे असत आणि त्यांचे पप्पा संस्थेला पंखे भेट देत. मला हे तेव्हाही खपत नव्हते आणि आजही खपत नाही.

बाईंनी यावर जी युक्ती काढली ती मी डीएडच्या कुठल्याही पुस्तकात वाचलेली नव्हती. बाकावर त्या एक मूल बंदरावरचे किंवा वाडीतले आणि एक इमारतीतले अशी जोडी बसवत. सकाळी प्रार्थना झाली की विचारत, "आज सांग्या कोण?" प्रत्येक जोडीतले ज्याची पाळी असेल ते हात वर करी. मग दिवसभर नियम असा, की दुसऱ्याला प्रश्न विचारला की त्याने उत्तर आपल्या घरच्या बोलीत सांग्याच्या कानात सांगायचे आणि सांग्याने उभे राहून ते स्वतःच्या भाषेत सगळ्या वर्गाला सांगायचे. दुसऱ्या दिवशी पाळी उलटी. बंदरावरची मुलगी इमारतीतल्या मुलाची सांगी झाली की तिला त्याचे बोलणे नीट ऐकावेच लागे, आणि त्यालाही तिचे. सांग्याला बाईंनी एकच ताकीद दिलेली होती, "पदरचं घालायचं नाही आणि ऐकलेलं गाळायचं नाही." हे त्या दिवसातून इतक्यांदा म्हणत की शाळेचा शिपाईसुद्धा हेडसरांचा निरोप आणताना हसून म्हणे, "बाई, पदरचं काही घातलेलं नाही बरं का."

या जोड्यांमुळे वर्गात सतत कुजबूज चाले. बाहेरून जाणाऱ्याला वाटावे, इथे कुणाचा कुणाला धाक नाही. पण त्या कुजबुजीत जेवढे शिक्षण होत होते तेवढे माझ्या शिस्तीच्या वर्गात होत नव्हते, हे मी रोज डोळ्यांनी बघत होते. एकदा अनिकेत नावाच्या मुलाची आई तक्रार घेऊन आली. "बाई, आमचा अनिकेत घरी 'पानी', 'म्हावरं' असं बोलायला लागलाय. आम्ही काय यासाठी शाळेत घातलंय?" बाई शांतपणे म्हणाल्या, "ताई, तुमचा मुलगा दोन भाषा शिकतोय. फी आम्ही एकीचीच घेतलीय." त्या ताई तिथून निघाल्या त्या थेट संस्थेच्या कार्यवाहांकडे गेल्या.

बाईंचा हा खाक्या फक्त मुलांसाठी नव्हता. मी नवी असताना वर्गात "या की इकडं, बसा की गुमान" असे म्हणाले आणि पोरे फिदीफिदी हसली. मी रडवेली होऊन शिक्षकखोलीत आले. दुसऱ्या दिवशी बाई माझ्या वर्गात आल्या आणि मुलांना म्हणाल्या, "कदमबाई कोल्हापूरची मराठी बोलतात. ती आपल्याला येत नाही. त्यांचा सांग्या कोण होतो?" झाडून सगळ्यांचे हात वर. त्यानंतर महिनाभर मी काहीही बोलले की कुणीतरी उभे राहून ते वसईच्या मराठीत सांगे, आणि मलाही मजा वाटू लागली. मासळीबाजारात पहिल्यांदा मला बाईच घेऊन गेल्या. कोळीण काय म्हणते हे त्या मला सांगत आणि मी काय म्हणते हे तिला. माझ्या बाळंतपणात वाडीतली सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, घेऊन त्या तुळिंजला आमच्या तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत आल्या होत्या आणि जिन्याला शिव्या देत होत्या. ती सुकेळी त्यांच्या पिशवीत कायम असत. नीट सांगणाऱ्या सांग्याला त्यातला तुकडा मिळे.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहिते आहे तो सांगते. बाईंच्या पहिलीत हर्षाली नावाची मुलगी होती. पाचूबंदरची, वडील बोटीवर, आई बाजारात. अंगाने किरकोळ, डोळे मात्र सगळीकडे. तिचा जोडीदार तोच अनिकेत. तपासणीला एक साहेब आले, बरोबर आमचे कार्यवाह. कार्यवाहांनी बहुधा साहेबांच्या कानात आधीच काही घातले असावे, कारण साहेब वर्गात शिरले ते कपाळाला आठ्या घालूनच. त्यांनी नेमके हर्षालीकडे बोट केले. "बाळ, तू सांग. पाण्याचे उपयोग कोणते?"

त्या दिवशी सांग्या होता अनिकेत. हर्षाली रोजच्या शिस्तीप्रमाणे त्याच्याकडे वळली आणि कानात म्हणाली, "पानी पितात. पान्यानं जाली धुतात. पान्याचा बरफ करतात नि म्हावऱ्यावर टाकतात." मी मागे दाराशी, तिच्या बाकाजवळच उभी होते, मला ते स्वच्छ ऐकू आले. अनिकेत ताडकन उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "पाणी पितात. पाण्याने जाळी धुतात. पाण्याचा बर्फ करून मासळीवर टाकतात." एवढ्या लहान मुलाने इतके चोख सांगितले होते की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

साहेब कडाडले, "तुला कुणी विचारलं? मी तिला विचारलं ना?" अनिकेत गोंधळला. "सर, आज मी सांग्या आहे." साहेबांना त्यातले ओ की ठो कळले नाही. त्यांनी पुन्हा हर्षालीला विचारले, या वेळी ओरडून. मुलगी घाबरली आणि मान खाली घालून गप्प उभी राहिली. आपले काय चुकले हेच तिला कळत नव्हते, कारण तिचे काहीच चुकले नव्हते. "मुलगी मंद आहे," साहेब सगळ्या वर्गासमोर म्हणाले. "शेजारच्याला विचारून त्याच्याकडून उत्तर देववते. हिला दुसरीत घालू नका." कार्यवाहांनी लगेच री ओढली, "मी तुम्हाला म्हटलं नव्हतं का साहेब? ही बंदरावरची मुलं इतरांनाही मागे ओढतात." सहा वर्षांच्या मुलीच्या तोंडावर हे बोलले गेले. त्या क्षणी माझ्या कानशिलात जी आग झाली ती हे लिहिताना पुन्हा होते आहे.

बाई मात्र ओरडल्या नाहीत. चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला. "साहेब, मला एक प्रश्न विचारू द्या. आता सांगी हर्षाली." मग अनिकेतकडे वळून त्यांनी त्याला बंदरावरच्या बोलीत विचारले, "अनिकेत, तुज्या घरा पानी कोन भरतो?" अनिकेत सवयीने हर्षालीकडे वाकला आणि कुजबुजला, "पप्पा भरतात. सकाळी ते पंप चालू करतात." हर्षालीने मान वर केली. जी मुलगी साहेबांच्या पुढ्यात पुतळ्यासारखी उभी होती, ती मोठ्याने म्हणाली, "ह्याचा बापूस भरतो. सकालचा पंप लावतो." सगळा वर्ग खुदकन हसला, साहेबांच्या बरोबरचा कारकूनही हसला.

"साहेब," बाई म्हणाल्या, "यानंसुद्धा शेजारणीला सांगून तिच्याकडून उत्तर देववलं. मंद म्हणायचं असेल तर दोघांनाही म्हणा आणि दोघांनाही मागे ठेवा. अनिकेतच्या आईला मी कळवते." साहेब माणूस म्हणून वाईट नसावेत. त्यांनी दोघा मुलांकडे पाहिले, थोडे ओशाळले आणि म्हणाले, "राहू द्या, दोघांनाही जाऊ द्या दुसरीत." पण जाताना वर्गाला शिस्त नाही, मुले परस्परांत बोलतात, असा शेरा मारूनच गेले. शब्द मागे घ्यायला मात्र कुणालाही सुचले नाही. ना साहेबांना, ना कार्यवाहांना. त्या दिवशी हर्षालीची माफी कुणीही मागितली नाही, आणि आजतागायत मागितलेली नाही.

त्या शेऱ्याचा संस्थेने पुरेपूर उपयोग केला. जूनमध्ये दुसरीच्या दोन तुकड्या झाल्या. 'अ' तुकडीला सेमी इंग्लिश, म्हणजे गणित इंग्रजीतून आणि इंग्रजीचे जादा तास. 'ब' तुकडीला नुसती मराठी. गुणवत्तेनुसार विभागणी, असे सांगण्यात आले. गुणवत्ता कशी कोण जाणे, पण सगळी इमारत 'अ'मध्ये जाऊन बसली आणि सगळे बंदर 'ब'मध्ये. बाई कार्यवाहांना भेटायला गेल्या, मी बरोबर होते. "इंग्रजीला माझा विरोध नाही," बाई म्हणाल्या. "द्या, पण सगळ्यांना द्या. एका वर्गात दोन भाषा मी नांदवल्यात, तिसरीही नांदवीन." कार्यवाह हसले. "बाई, कोळ्यांच्या मुलांना इंग्रजी घेऊन काय करायचंय? मासे इंग्रजीत विकणार आहेत?" हे शिक्षणसंस्थेचे कार्यवाह! बाईंनी माझा दंड घट्ट धरला होता, नाहीतर मी त्या दिवशी काय बोलले असते आणि माझ्या नोकरीचे काय झाले असते, सांगता येत नाही.

आमच्याकडे पहिलीच्या बाई मुलांबरोबर चौथीपर्यंत वर जात. बाईंना 'ब' तुकडी दिली आणि 'अ' तुकडी मला. दोन्ही वर्गांच्या मध्ये भिंत नव्हती, लाकडी फळ्यांचे घडीचे दार होते. शेवटच्या तासाला बाई पलीकडून टकटक करत आणि आम्ही दोघी मिळून ते दार ओढून उघडत असू. मुले धावत आपापल्या जुन्या जोडीदाराकडे जात. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत येऊन बघतो तर फळ्यांना खिळे ठोकलेले! बाईंनी खिळ्यांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "खिळे दाराला मारलेत ना? झाडाला तर नाही मारले." त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत जोड्या बदामाच्या झाडाखाली बसू लागल्या. एका हातात डबा, दुसऱ्याच्या कानाशी तोंड. सकाळी माझ्या वर्गात शिकवलेले इंग्रजी दुपारी झाडाखाली अनिकेतकडून हर्षालीकडे पोहोचे. पदरचे न घालता, न गाळता. मधल्या सुट्टीत मुलांनी कुठे बसावे याचा नियम संस्थेला शेवटपर्यंत सुचला नाही. चौथीपर्यंत हे असेच चालले.

बाई पुढे पुन्हा पहिलीवर आल्या आणि निवृत्तीपर्यंत त्यांनी अशाच जोड्या लावल्या. पुढे सरकारने पहिलीपासून सर्वांना इंग्रजी सुरू केले तेव्हा त्यांच्या वर्गाला त्याचे काही नवल वाटले नाही. बाईंना आदर्श शिक्षिका म्हणून संस्थेने कधी सुचवले नाही. उलट दरवर्षी शिस्तीबद्दल समज दिली जाई आणि बाई ती चहाबरोबर ऐकून घेत. त्यांच्यात दोष नव्हते असे नाही. हट्टी तर इतक्या की रिक्षावाल्याशीही कुठल्या रस्त्याने जायचे यावरून वाद घालत, आणि प्रार्थनेला इतक्या बेसूर गात की मुले त्यांच्याकडे बघून सूर सोडत. पण ज्यांच्याशी त्या भांडल्या, त्यांच्यापैकी कुणाबद्दलही शिक्षकखोलीत वाईट बोललेले मी ऐकले नाही. ते काम माझ्याकडे होते.

हे सगळे जुने झाले, असे फोनवरचे सद्गृहस्थ म्हणतील. म्हणून आता नवे सांगते. बाईंच्या निवृत्तीनंतर पहिलीचा वर्ग हंगामी शिक्षकांवर चालला होता. गेल्या जूनमध्ये एकदाच्या त्या जागेसाठी मुलाखती झाल्या. पर्यवेक्षिका म्हणून मी तिथे बसले होते. दार ढकलून हर्षाली आत आली. डीएड झालेली, उत्तम गुण मिळवलेली, आता अंगाने भरलेली, पण डोळे तेच. मराठीत विचारले तर मराठीत उत्तर, इंग्रजीत विचारले तर इंग्रजीत. "पहिलीतलं मूल बोलतच नसेल तर काय कराल?" असे मी विचारले. ती म्हणाली, "बाई, त्याला जोडीदार देईन." मला तिच्याकडे बघवेना, डोळे भरून आले होते. ती बाहेर गेल्यावर मंडळींनी एकमेकांकडे पाहिले आणि एकजण म्हणाले, "हुशार आहे हो. पण बोलण्याला बंदराचा वास येतो. पालक काय म्हणतील?"

वास! मी रुजू झाले त्या दिवशी फाटकावर जो शब्द ऐकला, तोच. इतक्या वर्षांत या मंडळींनी इमारतीला नवा रंग दिला, संगणकाची खोली केली, नाक मात्र तेच ठेवले. हिलाच घ्या, असे स्पष्ट सांगून मी बैठकीतून उठून आले. जागा भरली गेली नाही. ती अजून तशीच रिकामी आहे आणि हंगामी बाई येतात नि जातात.

त्याच आठवड्यात मी गिरीजला गेले आणि बाईंना हे सांगितले. त्या केळीच्या आळ्यात पाणी सोडत होत्या. मग म्हणाल्या, "मुलाखतीला ती एकटीच होती. तिचा सांग्या कोण होता?" "मी होते ना," मी म्हटले, "पण माझं कुणी ऐकलं नाही." "बरं," बाई म्हणाल्या आणि पाण्याचा पाट दुसऱ्या आळ्याकडे वळवला. पुढे गौरव समिती त्यांच्याकडे गेली तेव्हा या सोहळ्याला त्यांनी चटकन होकार दिला. मला आश्चर्यच वाटले, कारण शालींचा त्यांना भारी कंटाळा. त्यांनी अट एकच घातली, "सत्काराला उत्तर मी माझ्या घरच्या बोलीत देईन." समितीला गहिवर आला. बोलीभाषेचा केवढा हा सन्मान, असे सगळे म्हणाले.

समितीला एक गोष्ट कुणी सांगितलेली नाही, ती मी इथे सांगते. बाई माइकवर बोलणार नाहीत. त्या आपल्या वर्गाच्या शिस्तीप्रमाणे जोडीदाराच्या कानात सांगतील आणि सांग्या उभा राहून ते सभागृहाला मराठीत सांगेल, पाहुण्यांपैकी कुणाला हवे असेल तर इंग्रजीतही. त्या दिवशीची सांगी हर्षाली आहे. हे छापले जाईल का, अशी शंका कुणाला येईल. येऊ नये. या ग्रंथाची जुळणी नायगावच्या एका डीटीपीवाल्याकडे आहे आणि तिथे संगणकावर अनिकेत बसतो. मी हा लेख त्याच्याच हातात दिला. "बाई, यातलं काही कमी करायचं?" त्याने विचारले, आणि माझ्या आधी स्वतःच म्हणाला, "गाळायचं नाही. ठाऊक आहे."

तेव्हा पहिल्या रांगेत बसलेल्या मान्यवरांना माझी विनंती आहे. हर्षाली बोलेल तेव्हा कान देऊन ऐका. सहा वर्षांची असताना ती याच शाळेत बोलली होती, तेव्हा तुम्ही ऐकले नाही. गेल्या जूनमध्ये पुन्हा बोलली, तेव्हाही ऐकले नाही. बाईंचा गौरव करायची खरोखर इच्छा असेल तर शाल राहू द्या, श्रीफळे त्यांच्या स्वतःच्या वाडीत भरपूर आहेत. पहिलीचा वर्ग तेवढा त्या मुलीला द्या.

बाई, तुमचे गुडघे दुखतात हे मला ठाऊक आहे, आणि औषध वेळेवर घेत नाही हेही ठाऊक आहे. ते घेत चला. तुमची केळी, तुमचा हट्ट आणि तुमचा बेसूर आवाज आम्हाला अजून पुष्कळ वर्षे हवा आहे. शंभरी गाठा असे नुसते म्हणून मी थांबणार नाही, तुम्हाला एक काम सांगते. ज्या दिवशी हर्षाली त्या वर्गात प्रार्थनेनंतर "आज सांग्या कोण?" असे विचारील, त्या दिवशी मागच्या बाकावरून पहिला हात तुमचा वर झाला पाहिजे.